‘बाबा’ नेमका कोणाचा?

गेल्या काही महिन्यांत एकाच शब्दावर दोन उलट बाजूंनी हरकत घेतलेली मी पाहिली. पहिली हरकत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका यादीतली. ‘परकीय शब्द हटवा, मराठी वाचवा’ असा मथळा. डावीकडे टाकायचे शब्द, उजवीकडे त्यांचे ‘शुद्ध’ पर्याय. त्यात ‘बाबा’ डावीकडे होता, कारण तो म्हणे फारसी-तुर्की, मुसलमानांबरोबर आलेला. उजवीकडे ‘पिताश्री’. दुसरी हरकत आमच्याच नात्यातल्या एका वडीलधाऱ्या, अत्यंत सज्जन माणसाची. माझी मुले मला ‘बाबा’ म्हणतात हे ऐकून ते हळू आवाजात म्हणाले, “अरे, पोरांना ‘अब्बू’ म्हणायला शिकव. ‘बाबा’ हे त्यांच्यात म्हणतात.”

म्हणजे एकाला हा शब्द जरा जास्तच मुसलमान वाटतो आणि दुसऱ्याला पुरेसा मुसलमान वाटत नाही. बापाला हाक कशी मारायची एवढ्या साध्या गोष्टीत दोन बाजूंचे पहारेकरी उभे राहिले की त्या शब्दाचा पत्ता एकदा नीट शोधावा असे मला वाटले. शोधायला गेलो तर पत्ता एक निघाला नाही.

तुर्कीत बापाला ‘बाबा’ म्हणतात. फारसीतही म्हणतात, शिवाय वयोवृद्ध, दरवेश, पीर यांनाही. अकराव्या शतकातला हमदानचा कवी बाबा ताहिर हा असा ‘बाबा’. इथपर्यंत यादी करणाऱ्याचे म्हणणे बरोबर वाटेल. पण चीनमध्ये मंदारिन बोलणारे मूलही बापाला ‘बाबा’च म्हणते. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारे मूलही. स्वाहिलीवर अरबीचा मोठा प्रभाव आहे, तेव्हा कोणी म्हणेल की व्यापाऱ्यांनी नेला असेल. मग दक्षिण टोकाच्या झुलूचे काय? पश्चिमेला नायजेरियातल्या योरूबाचे काय? तिथेही बाप ‘बाबा’च. झुलू मुलांना तुर्कांनी शिकवले आणि चिनी मुलांना इराण्यांनी, असे म्हणायला फार धीर लागेल.

आणि जरा वाट बदलली की गंमत सुरू होते. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई, त्यातही म्हातारी किंवा खेडवळ. आजीला ‘बाबुश्का’ म्हणतात ते त्यातूनच. पोलिश भाषेत ‘बाबा’ हे म्हातारीचेही नाव आणि एका केकचेही. तो केक फ्रान्समध्ये गेला आणि रममध्ये बुडवून ‘बाबा’ याच नावाने खाल्ला जातो. जपानीत ‘बाबा’ म्हणजे म्हातारी, आणि तेही फारसे आदराने नाही. हंगेरियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे तान्हे मूल किंवा बाहुली. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये तर ‘बाबा’ म्हणजे हनुवटी! जॉर्जियन भाषेने सगळ्यांवर कडी केली आहे: तिथे बापाला ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. आपल्याकडचा एखादा भाचा तिथे गेला तर त्याची चांगलीच पंचाईत व्हायची.

असे साम्य दिसले की माणसाला नाते जोडायचा मोह होतो. तमिळमध्ये बापाला ‘अप्पा’ आणि कोरियनमध्येही ‘अप्पा’. आईला इकडे ‘अम्मा’, तिकडे ‘ऑम्मा’. एवढ्यावर तमिळ आणि कोरियन या सख्ख्या बहिणी आहेत असे सांगणारे व्हिडिओ कितीतरी. आपल्याकडे जगातल्या सर्व भाषा संस्कृतातून निघाल्या असे सांगणारे याच मार्गाने जातात आणि सर्व भाषा अरबीतून निघाल्या असे सांगणारे आमचे काही बंधूही याच मार्गाने जातात. दोघांची पद्धत एकच: दोन शब्द शेजारी ठेवायचे, कानाला सारखे लागले की टाळी द्यायची.

भाषांचे नाते असे ठरत नाही. तिथे एक शब्द घेऊन भागत नाही, नियम दाखवावा लागतो. संस्कृतात ‘पितृ’, लॅटिनमध्ये ‘पातेर’, फारसीत ‘पिदर’, इंग्रजीत ‘फादर’. इथे ‘प’ आणि ‘फ’ वेगळे दिसतात, पण फरक नियमाने पडलेला आहे. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय, इंग्रजीत ‘फूट’. लॅटिनमध्ये माशाला ‘पिस्किस’, इंग्रजीत ‘फिश’. ‘प’च्या जागी ‘फ’ हा बदल शब्दामागून शब्दात त्याच जागी सापडतो, तेव्हा कुठे विद्वान म्हणतात की हे एका कुळातले आहेत.

इथे जरा थांबतो. ज्या यादीने ‘बाबा’ घालवून ‘पिताश्री’ आणायला सांगितले, तिला हे ठाऊक नव्हते की ‘पिता’ आणि फारसी ‘पिदर’ हे सख्खे चुलत भाऊ आहेत. ‘मातृ’ आणि ‘मादर’, ‘भ्रातृ’ आणि ‘बिरादर’, ‘दुहितृ’ आणि ‘दुख्तर’ हेही तसेच. या जोड्यांत कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही, आजोबाच एक आहेत. उलट फारसी ज्या अरबी लिपीत लिहिली जाते त्या अरबीशी तिचे कुळाचे काहीही नाते नाही. म्हणजे परका म्हणून फारसी शब्द काढून त्या जागी जो आणायचा, तोच फारसीचा रक्ताचा नातेवाईक! आणि ‘बाबा’? त्याला असे कुळच नाही.

कुळ नाही ते का, यावर भाषाशास्त्रज्ञांनी विचार केला आहे. जॉर्ज पीटर मर्डॉक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ साली जगभरच्या भाषांमधून आईसाठीचे ५३१ आणि बापासाठीचे ५४१ शब्द गोळा करून मांडले. एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांतही आईच्या शब्दांत ‘म’ आणि ‘न’ यांचा भरणा, बापाच्या शब्दांत ‘प’, ‘ब’, ‘त’ यांचा. रोमान याकोब्सन या थोर भाषाशास्त्रज्ञाने त्याचे कारण सांगितले. दूध पिताना मुलाचे तोंड गुंतलेले असते, त्या वेळी ते नाकातून ‘म्म्’ असा आवाज करते. पुढे भूक लागली, आई हवी झाली की तोच आवाज काढते. तोंड मोकळे असले की ओठ मिटून उघडणे हीच त्याला सगळ्यात सोपी कसरत. ओठ मिटले, उघडले, ‘बा’ झाले. मूल तेच तेच पुन्हा करते, म्हणून ‘बाबा’. मुलाच्या मनात त्याचा काही अर्थ असतोच असे नाही. जवळ उभा असलेला माणूस म्हणतो, “बघा, मला हाक मारली!” आणि तो अर्थ ठरून जातो. रशियात जवळ आजी उभी असेल, हंगेरीत पाळण्याकडे कोणी बोट दाखवले असेल. जॉर्जियात काय झाले असेल ते जॉर्जियन बापांना विचारावे लागेल.

म्हणून हा शब्द झिजत नाही. ‘पातेर’चा ‘फादर’ झाला, पण ‘पापा’चा ‘फाफा’ झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरून बाकीचे शब्द गुळगुळीत होतात. हा दर घरात, दर मुलाच्या तोंडून नवा येतो. ज्या शब्दाचा जन्म काल संध्याकाळी शेजारच्या घरात झाला, तो अमक्या शतकात तमक्या फौजेबरोबर आला असे कसे म्हणायचे?

मराठीपुरते बोलायचे तर काही कोशकार ‘बाबा’साठी फारसी-तुर्कीकडे बोट दाखवतात, काही प्राकृतातल्या ‘बप्प’कडे. ‘बप्प’ म्हणजे बाप. आपला ‘बाप’, गुजरातीतला ‘बापू’ आणि गणपतीच्या पुढे लागणारा ‘बाप्पा’ हे त्याच घरातले. हा ‘बप्प’ पल्लवांच्या आणि वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत येतो, आणि त्यांतले जुने ताम्रपट पैगंबरांच्या जन्माच्याही आधीचे आहेत. म्हणजे ओठ मिटून बापाला हाक मारायची पद्धत इथे होतीच. मग सूफी आले, दरवेश आले, त्यांचा ‘बाबा’ आला. मला वाटते दोन्ही एकमेकांत मिसळले, आणि इतके मिसळले की आता त्यांतले किती इकडचे आणि किती तिकडचे हे मोजायला तराजू नाही. दखनी बोलणाऱ्या आमच्या घरांत ‘बावा’ म्हणतात, पारशांतही ‘बावा’ आहे. ही सगळी एकाच ओठांची करामत आहे.

मी असे मुळीच म्हणत नाही की मराठीत उसना शब्द नाहीच. फार तर ‘बाबा’चाच एक ‘आ’ काढून बघा. ‘ही गंभीर बाब आहे’ यातला ‘बाब’ अस्सल अरबी. अरबीत ‘बाब’ म्हणजे दरवाजा, त्यावरून पुस्तकाचे प्रकरण, त्यावरून विषय. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीचे नाव ‘बाब-अल-मंदेब’, त्यातला ‘बाब’ हाच. ‘बाबत’ही त्याच कुळातला. मराठेशाहीत चौथाईच्या वसुलातला छत्रपतींचा चौथा हिस्सा ‘राजबाबती’ म्हणून ओळखला जाई. हिंदवी स्वराज्याच्या राजाचा हक्काचा वाटा अरबी शब्दाने मोजला जात होता आणि त्यामुळे राज्याचे काही बिघडले नव्हते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला हे खरे, सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. पण तो मुख्यतः राज्यकारभाराचा कोश. दरबारात राजाची भाषा कोणती असावी हा राजाचा प्रश्न होता, तो त्याने सोडवला. स्वयंपाकघरात मुलाने बापाला काय म्हणावे याचा फतवा त्यात नाही.

माधव जूलियनांचे उदाहरण मला नेहमी आठवते. माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारा कवी. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण त्यांना निदान प्रत्येक शब्द कुठून आला हे माहीत होते, आधी कोश केला आणि मग वाद घातला. आजच्या याद्या करणारे मधली पायरी गाळतात. ‘बाब’ यादीत नाही कारण तो परका आहे हे त्यांना कळलेच नाही, आणि ‘बाबा’ यादीत आहे कारण दर्ग्यावर तो ऐकू येतो.

आता आमच्या बाजूकडे येतो, कारण दुसऱ्याच्या घरातले झुरळ दाखवणे सोपे असते.

‘अब्बू’ हा शब्द गोड आहे, ज्या घरात तो पिढीजात आहे तिथे तो राहावाच. पण तो ‘जास्त इस्लामी’ आहे म्हणून आणायचा असेल तर थोडे थांबावे. अरबीत बाप म्हणजे ‘अब’. ‘अबू’ हे रूप सहसा पुढच्या शब्दाला जोडून येते, ‘अमक्याचा बाप’ अशा अर्थाने. अबू बकर, अबू तालिब ही नावे तशी. कुरआनात हजरत इब्राहिम आपल्या वडिलांना आणि हजरत यूसुफ हजरत याकूबना हाक मारतात ती ‘अबती’ अशी. ‘अब्बू’ हे उर्दूने लाडाने घडवलेले रूप आहे, इथल्याच मातीतले. ‘अब्बा’ तर अरामी भाषेतही होता. हजरत इसा ज्या बोलीत बोलत त्या बोलीतला तो शब्द इंजीलच्या ग्रीक संहितेतही तसाच राहिला आहे. ख्रिस्ती मठाच्या प्रमुखाला इंग्रजीत ‘ॲबट’ म्हणतात तो त्याच्यातूनच निघाला. आणि आज तेल अवीवमधले ज्यू मूल आपल्या बापाला काय म्हणते? ‘आबा’. अगदी आपल्या सातारा-सांगलीकडच्या आबांसारखे.

आणि अरबांची मुले? कैरो, दमिश्क, बगदाद, कुठल्याही घरात कान द्या: ‘बाबा’. पुस्तकी अरबीत काहीही असो, घरात ‘बाबा’ आणि ‘मामा’. कोकणातून कुवेतला, सौदीला, दुबईला गेलेल्या आपल्या लोकांनी हे शेकडो वेळा ऐकले आहे. तिथून परत येऊन तेच लोक गावात ‘बाबा’ हा शब्द ‘त्यांचा’ म्हणतात तेव्हा मला हसावे की रडावे कळत नाही.

माझी भीती हाकेपुरती नाही. एका भाषेत राहूनही नात्यांचे शब्द धर्माप्रमाणे वाटून घेतले की काय होते हे बंगालीने दाखवले आहे. तिथे सर्वसाधारणपणे हिंदू घरात ‘बाबा’, मुसलमान घरात ‘आब्बा’. हिंदू ‘जल’ म्हणतात, मुसलमान ‘पानी’. इकडे ‘माशी’, तिकडे ‘खाला’. तोंड उघडताच माणसाचा धर्म कळतो. आणि ही वाटणी व्युत्पत्तीच्या हिशेबाने केली म्हणाल तर तीही चुकलेली. ‘पानी’ संस्कृत ‘पानीय’वरून आलेला, तो मुसलमानांच्या वाट्याला, आणि ज्याला आमची यादी फारसी-तुर्की म्हणते तो ‘बाबा’ हिंदूंच्या वाट्याला! अख्खा महाराष्ट्र ‘पाणी’ पितो, त्यात कोणाचा धर्म बुडाला? शब्द कुठून आला याच्याशी त्या वाटणीला देणेघेणे नव्हते. शेजारचा जे म्हणतो ते आपण म्हणायचे नाही, एवढाच नियम होता.

मराठीत अजून हे झालेले नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी गॅलरीतून “बाबा आले!” अशी आरोळी ऐकू येते तेव्हा ते मूल जोश्यांचे की मुकादमांचे हे आवाजावरून ओळखावे लागते, शब्दावरून नाही. एवढी एक गोष्ट शिल्लक आहे. ती दोन्ही बाजूंच्या सोवळ्यांच्या हाती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीने या शब्दाचे केवढे संसार थाटले आहेत ते एकदा बघा. शिर्डीत साईबाबा, नागपुरात ताजुद्दीनबाबा, हातात झाडू घेतलेले गाडगेबाबा. पहिल्या दोघांकडे कोणत्या धर्माचे लोक जातात असे विचारणाऱ्याने एकदा रांगेत उभे राहावे. कष्टकऱ्यांचे बाबा आढाव होते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पद्मनजींनी लिहिली, आणि ते ख्रिस्ती झालेले. मुरलीधर आमटे यांचे ‘बाबा’ हे तर लहानपणीचे घरातले लाडाचे नाव, संतपणाची पदवी नव्हे. आणि या महाराष्ट्राने आपल्या सर्वांत मोठ्या आधुनिक माणसाला जे नाव दिले त्यात ‘बाबा’ला ‘साहेब’ जोडलेला आहे. ‘साहेब’ अरबी, मूळ अर्थ सोबती. पैगंबरांचे साथी ते ‘सहाबा’, धातू तोच. बाबासाहेबांना ‘पिताश्री’ करून दाखवा म्हणावे यादीवाल्यांना.

याच शब्दाची लाज वाटावी असेही पुष्कळ आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींतले ‘बंगाली बाबा’, वशीकरण चोवीस तासांत, फी काम झाल्यावर. भोंदूबाबांच्या बाबतीत मात्र हिंदू-मुस्लिम ऐक्य आधीच साधलेले आहे. त्यांच्यासाठी २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो दोघांनाही सारखाच लागू आहे आणि तो आणखी नीट वापरला गेला तर मला आनंदच होईल.

पण मला सर्वांत जास्त आवडतो तो मराठीतला उलटा वापर. बापाला ‘बाबा’ म्हणतात आणि त्याच बापाने ढकलायच्या मुलाच्या गाडीला ‘बाबागाडी’. लहान मुलाचा ‘बाबासूट’. रुसलेल्याला समजावताना ‘बाबापुता’ करतात, एकाच शब्दात बाप आणि लेक दोघे. “अरे बाबा, ऐक जरा,” असे आपण मित्राला म्हणतो, रिक्षावाल्याला म्हणतो, स्वतःच्या मुलालाही म्हणतो.

अरबांच्या घरातही हेच चालते. तिथे बाप मुलाला हाक मारताना कितीदा स्वतःचेच नाते वापरतो: “या बाबा, इकडे ये.” आई आपल्या मुलीला “या मामा” म्हणते. आपल्या माणसाला प्रथम ऐकताना वाटते की हा बाप मुलाला बाप का म्हणतोय. मग घरी फोन लावतो, पलीकडून पोरगे रडत असते, आणि हा इकडून म्हणतो, “काय झालं रे बाबा?”